गळा 42चा, छाती 40ची

प्रश्न थोडक्यात: ठाण्यात राहणारे आणि बँकेत नोकरी करणारे 34 वर्षांचे एक वाचक लिहितात, ‘नुकतीच बढती मिळाली. आता रोज ग्राहकांसमोर बसायचं असतं, अधूनमधून टायही लावावा लागतो. पण अंगाला नीट बसणारा एक फॉर्मल शर्ट मिळेल तर शपथ. 40 नंबरचा स्लिम फिट घेतला तर गळ्याचं बटण लागत नाही आणि खुर्चीत बसलं की पोटावरच्या बटणांमधून बनियन दिसतं. 42 नंबरचा रेग्युलर घेतला तर खांदे खाली उतरतात, पाठीत कापड फुगतं आणि बाही तरीही थोडी आखूडच पडते. टेलरकडे दोन शर्ट शिवले. पहिल्या दिवशी छान बसले, तीन-चार धुण्यांनंतर कॉलर काचायला लागली. घरचे म्हणतात, शर्ट उसना आणल्यासारखा वाटतो. माझं शरीरच बेढब आहे का? आधी पोट कमी करू का? महागड्या ब्रँडचा घेतला तर प्रश्न सुटेल का? की पुन्हा टेलरकडे जाऊ?’ सोबत त्यांनी पत्नीने टेपने घेतलेली मापं दिली आहेत: उंची 5 फूट 11 इंच, गळा 40.5 सेंटिमीटर, छाती 40 इंच, पोट 38 इंच, खांदा 17.5 इंच, बाही 25.5 इंच.

उत्तर:

मापं पाठवलीत हे फार चांगलं केलंत. तुमच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं त्यांतच आहेत. तुमचं शरीर बेढब नाही. गळा 42च्या शर्टाचा आहे, छाती 40च्या शर्टाची आहे आणि हात तुमच्या उंचीच्या माणसाचे असावेत तसे लांब आहेत, एवढंच. रेडिमेड शर्ट काढणारी कंपनी एका आकड्यावरून गळा, छाती, पोट, खांदा आणि बाही अशी पाच मापं ठरवून मोकळी होते. त्या पाचांतलं एखादं तरी माप बहुतेकांचं चुकतंच, तुमची दोन-तीन चुकतात. ट्रायल रूमच्या आरशासमोर माणूस स्वतःला दोष देत राहतो आणि शर्टाला कुणी काही म्हणत नाही, हे मला मनापासून खटकतं.

आधी तो आकडा नीट समजून घेऊ. फॉर्मल शर्टाच्या कॉलरच्या आत जो 39, 40, 42, 44 असा नंबर असतो तो बहुतेक वेळा कॉलरचा असतो, आणि सेंटिमीटरमधला. 40 म्हणजे पावणेसोळा इंच, 42 म्हणजे साडेसोळा इंच. आपण मात्र त्याला छातीचा, इंचांतला नंबर समजतो, कारण ब्लेझर घेताना किंवा टेलरकडे छाती इंचांतच मोजली जाते. दोन्ही आकडे जवळपास सारखेच दिसतात, म्हणून हा घोटाळा वर्षानुवर्षं लक्षात येत नाही. तुमची छाती 40 म्हणून तुम्ही 40चा शर्ट उचललात. पण तुमचा गळा 40.5 आहे, आणि बंद कॉलर गळ्यापेक्षा 1 ते 1.5 सेंटिमीटर मोठी हवी. म्हणजे 41.5 ते 42. ते 40चं बटण लागणं शक्यच नव्हतं.

दुसरा समज ‘स्लिम फिट’बद्दलचा. स्लिम, रेग्युलर, कम्फर्ट ही नावं छाती, पोट आणि बाहीच्या रुंदीबद्दल असतात. कॉलर त्याच नंबराची राहते. ठरलेलं प्रमाण मात्र कुठेच नाही. एका कंपनीचा स्लिम दुसऱ्या कंपनीच्या रेग्युलरएवढा सैल असू शकतो. तुमच्या पत्रातून दिसतं की तुम्ही 40 स्लिम घालून पाहिलात आणि 42 रेग्युलर घालून पाहिलात. 42 स्लिम घालून पाहिलेलाच दिसत नाही. सुरुवात तिथून करा.

आता मुख्य गोष्ट. शर्टात काही जागा नंतर दुरुस्त होतात आणि काही होत नाहीत. कॉलर मोठी करता येत नाही. बटण फार तर अर्धा सेंटिमीटर सरकवता येतं, त्याहून जास्त सरकवलं की कॉलरची टोकं वरखाली होतात आणि टायची गाठ तिरकी बसते. खांदा कमी करायचा तर बाही उसवून, मुंढा (बाही जिथे जोडतात तो काखेभोवतीचा गोल) पुन्हा कापून, बाही परत बसवावी लागते. हे काम चांगल्या कारागिराचं आहे आणि शर्टाच्या किमतीच्या मानाने ते सहसा परवडत नाही. मुंढा खोल असेल तर तो वर आणता येत नाही, कारण तिथलं कापड आधीच कापून गेलेलं असतं. बाही लांब करता येत नाही, कारण कफच्या आत माया, म्हणजे शिवणीत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड, जवळजवळ नसतेच. याउलट पोट, पाठ, बाहीची रुंदी आणि शर्टाची उंची कमी करणं हे गल्लीतला टेलरही नीट करू शकतो. म्हणून दुकानात शर्ट कॉलर, खांदा, मुंढा आणि बाहीची लांबी बघून निवडायचा. पाठीत थोडा फुगा असेल तर त्याची काळजी नंतर.

बहुतेक लोक नेमकं उलटं करतात. आरशात पोट आणि कंबर बघतात, तिथे शर्ट चापून बसला की खूश होतात आणि गळ्याचं बटण लावूनही बघत नाहीत. घट्ट शर्ट हा मापाचा शर्ट नव्हे. मापाचा शर्ट उभं असताना अंगासरशी दिसतो आणि बसल्यावर, हात पुढे केल्यावर कुठेही ओढत नाही.

ट्रायल रूममध्ये काय करायचं ते सांगते. सगळी बटणं लावा, गळ्याचं आणि कफचंसुद्धा. कॉलरमध्ये एक बोट सहज जावं, दुसरं थोडं जोर लावून जावं. दोन्ही बोटं आरामात फिरत असतील तर टाय लावल्यावर कॉलर चुरगळून पुढे येईल. मग मान उजवीडावीकडे वळवा. कॉलर मानेबरोबर फिरली तर ती घट्ट आहे. कॉलर जागेवर राहून मान आत फिरायला हवी.

खांद्याची शिवण दंडाच्या वरच्या टोकाला जे हाड हाताला लागतं तिथे यावी. तिथून अर्धा इंच बाहेर गेली तर चालेल, एक इंच गेली तर तो शर्ट परत करा. फॉर्मल शर्टात खांदा उतरलेला लगेच दिसतो, कारण बाहीला दंडापाशी आडव्या सुरकुत्या पडतात.

मुंढ्याबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण शर्टाचं खरं बसणं इथे ठरतं आणि ग्राहक याच जागेकडे कधी बघत नाहीत. मुंढा खोल आणि मोठा असेल तर हात मोकळा हलेल, असं वाटतं. होतं उलटं. मुंढा काखेपासून जितका खाली, तितकी बाही आणि शर्टाची बाजू एकमेकांना जखडलेली राहतात. हात वर केला की बाहीबरोबर शर्टाची अख्खी बाजू वर खेचली जाते आणि खालचा भाग पँटमधून बाहेर येतो. मुंढा काखेजवळ असेल तर हात त्या जागेवर फिरतो आणि शर्ट जागच्या जागी राहतो. कंपन्या मुंढा खोल ठेवतात कारण एकाच नंबरात बारीक आणि जाड दोन्ही दंड मावायला हवेत. तपासायची रीत सोपी आहे. शर्ट पँटमध्ये खोचा आणि लोकलमध्ये वरची कडी धरतो तसा एक हात वर करा. शर्ट इंच-दीड इंच वर सरकला तर ठीक, सगळा बाहेर आला तर मुंढा खोल आहे. हात खाली सोडून काख आणि शिवण यांच्यामध्ये दोन आडवी बोटं मावावीत. चार मावली तर तो शर्ट दिवसभर खोचत बसावा लागेल.

शर्ट वारंवार सुटण्याचं आणखी एक कारण पँट असतं. पँट कमरेच्या हाडाखाली बसणारी असेल तर शर्टाचा खोचलेला भाग दोन-तीन इंचांनी कमी होतो. बेंबीच्या जरा खाली बसणारी पँट घाला, निम्मी तक्रार तिथेच मिटेल. शर्ट पँटच्या पट्ट्याखाली निदान सहा-सात इंच जायला हवा.

बाही बघताना दोन मापं एकत्र बघा: लांबी आणि कफ. कफ बटण लावलेला असताना हातावरून निसटून जाऊ नये. कफ मनगटावर अडणारा असेल तर बाही पाऊण इंच जास्त असली तरी चालते, उलट तीच चांगली, कारण कोपर वाकवल्यावर बाही वर जात नाही. कफ सैल असेल तर बाही कितीही बरोबर असो, ती एकतर पंजावर येते किंवा टायपिंग करताना मनगट उघडं पाडते. मनगटाच्या घेरापेक्षा कफ दोन इंच मोठा पुरतो. घड्याळ ज्या हातात असेल त्या कफला अर्धा इंच जास्त. कफ सैल असेल तर बटण सरकवून घेणं हे अगदी सोपं काम आहे, त्यासाठी शर्ट नाकारू नका.

आणि बसून बघा. ट्रायल रूममध्ये स्टूल असतंच. उभं असताना तुमचं पोट 38 इंच आहे, बसल्यावर ते दीड-दोन इंचांनी वाढतं, आणि तुमचं काम बसून करायचं आहे. बनियन दिसण्याचं कारण हे आहे. शर्टाचं पोटाजवळचं माप बसलेल्या पोटापेक्षा तीन इंच जास्त हवं, म्हणजे तुमच्या बाबतीत साडेबेचाळीस इंचांच्या आसपास. छातीला 40 अधिक 5 म्हणजे 45 इंच. चार इंचांपेक्षा कमी ढिलाई ठेवली तर पाठ ओढते आणि दमट हवेत शर्ट अंगाला चिकटतो. सात-आठ इंच ठेवली तर शर्ट ढगळ होतो. सपाट टेबलावर शर्ट बटणं लावून पसरा, काखेच्या एक इंच खाली या शिवणीपासून त्या शिवणीपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. खिशात टेप ठेवून दुकानात जायला संकोच करू नका. चार शर्ट घालून काढण्यापेक्षा चार शर्ट मोजून एक घालून पाहणं सोपं पडतं.

सुरकुत्या वाचायला शिकलात तर टेपशिवायही बरंच कळतं. बटणाभोवती फुलीसारख्या सुरकुत्या पडल्या की शर्ट तिथे तंग आहे. पाठीवर कॉलरच्या लगेच खाली आडवी घडी पडत असेल तर तुमचे खांदे सरळ, चौकोनी आहेत आणि शर्ट उतरत्या खांद्यांसाठी बेतलेला आहे. मानेपासून काखेकडे तिरक्या घड्या असतील तर उलट: तुमचे खांदे उतरते आहेत. एकाच बाजूला तिरकी घडी असेल तर तो खांदा दुसऱ्यापेक्षा खाली आहे. असं पुष्कळ जणांचं असतं, बहुधा ज्या हाताने जास्त काम करतो त्या बाजूला. रेडिमेड शर्टात यावर उपाय नाही, शिवून घेताना मात्र टेलर खांद्याचा उतार दोन्हीकडे वेगळा ठेवू शकतो.

आता समजा 42 स्लिम घेतलात, कॉलर, खांदा, बाही जमली आणि पाठीत तरीही कापड उरलं. दुरुस्ती करताना एक चूक हमखास होते: टेलर दोन्ही बाजूंच्या शिवणी आत घेतो. तुमचं जास्तीचं कापड पाठीत आहे, पुढे पोट आहे. बाजू आत घेतली की पुढचं कापडही ओढलं जातं आणि पोटावर पुन्हा फटी पडतात. तुम्ही पाठीत दोन उभे टक्स, म्हणजे कापड आत चिमटून शिवलेल्या घड्या, घालायला सांगा. ते फऱ्यांच्या खाली सुरू व्हावेत, कमरेपाशी सर्वांत खोल असावेत आणि खाली घेरापर्यंत निमुळते होत जावेत. प्रत्येक टक्समध्ये पाऊण ते एक इंच कापड गेलं की शर्टाची पाठ सरळ होते आणि पोटाला जागा तशीच राहते. सपाट पोटाच्या माणसाने बाजूच्या शिवणी घेतल्या तर हरकत नाही, पण दोन्ही बाजू मिळून तीन इंचांपेक्षा जास्त घेऊ नये, खिसा काखेकडे सरकल्यासारखा दिसायला लागतो. मोठ्या चौकटीच्या कापडात टक्स उठून दिसतात, म्हणून दुरुस्ती करायचे शर्ट एकरंगी किंवा बारीक रेघांचे घ्या.

महागड्या ब्रँडबद्दल. जास्त पैशांत चांगलं सूत, बारीक टाके, नीट बसवलेली बटणं आणि न फुगणारी कॉलर मिळते, आणि या गोष्टी पैसे देण्याजोग्या आहेत. पण तुमचा गळा आणि छाती यांचं गणित ब्रँडला ठाऊक नसतं. जी कंपनी एकाच कॉलरमध्ये दोन-तीन प्रकारची रुंदी आणि शक्य तर दोन बाह्यांच्या लांबी देते ती तुमच्या कामाची. अमेरिकेत शर्टावर कॉलर आणि बाही असे दोन वेगळे आकडे असतात. तुमच्यासारख्यांना ती पद्धत फार सोयीची. तिथे राहणाऱ्या वाचकांनी, किंवा तिथून कुणाकडून शर्ट मागवणाऱ्यांनी, एवढं लक्षात ठेवावं की तिथली बाही मानेमागच्या मध्यापासून मोजतात. तुमचा खांदा 17.5, त्याचा अर्धा पावणेनऊ, त्यात बाही 25.5 मिळवली की 34.25 होतात. म्हणजे कॉलर साडेसोळा आणि बाही 34-35 असा शर्ट तुमचा.

पोट कमी करायचं असेल तर तब्येतीसाठी जरूर करा, शर्टासाठी थांबू नका. वजन उतरलं तरी खांद्याचं हाड आणि हाताची लांबी बदलत नाही. वजन बदलत असताना मात्र एकदम सहा शर्ट घेऊ नका. दोन घ्या.

आणि टेलर. त्याच्यावरचा तुमचा राग समजतो, पण तुमच्या वर्णनावरून चूक मापात नव्हती. शर्ट पहिल्या दिवशी बसला होता, म्हणजे माप बरोबर होतं. नंतर कापड आटलं. न आटवलेलं सुती कापड पहिल्या काही धुण्यांत 3 टक्क्यांपर्यंत सहज आटतं. तुमच्या कॉलरचे 3 टक्के म्हणजे सव्वा सेंटिमीटर, गळ्यासाठी ठेवलेली सगळी मोकळीक तेवढ्यातच संपली. बाहीतही पाऊण इंच गेला असणार. कॉलर ताठ राहावी म्हणून तिच्या आत घातलेलं जाड कापड, म्हणजे बकरम, वेगळ्या प्रमाणात आटलं की कॉलरवर फोड आल्यासारखे फुगे येतात, हाही त्याच दुखण्याचा भाग. हा प्रश्न जुना आहे. अमेरिकेतल्या कॉलर आणि शर्ट बनवणाऱ्या क्लुएट पीबॉडी कंपनीतल्या सॅनफर्ड क्लुएट यांनी कापड गिरणीतच आटवून घेण्याची पद्धत काढली आणि 1930 साली तिचं पेटंट घेतलं. ‘सॅनफोराइज्ड’ हे नाव त्यांच्यावरूनच आलं. आजही कापड घेताना ते आटवलेलं आहे का, हे विचारा, आणि दुकानदार हो म्हणाला तरी शिवायला देण्याआधी पाण्यातून काढून घ्या. रात्रभर साध्या पाण्यात बुडवून ठेवा, पिळू नका, निथळत वाळवा, किंचित ओलं असताना इस्त्री करा. टेलरला बकरमही भिजवून आटवायला सांगा, किंवा आधीच आटवलेलं चिकटवायचं फ्यूजिंग वापरायला सांगा.

कापडासाठी तुम्हाला मुंबईचं मंगलदास मार्केट जवळ आहे, पुण्याच्या वाचकांना लक्ष्मी रस्ता. रोजच्या ऑफिसला पॉपलिन किंवा बारीक ट्विल घ्या. पॉपलिन हलकं आणि गार, ट्विल जरा जाड, पण सुरकुत्या कमी आणि बनियन आरपार दिसत नाही. 58 इंच पन्ह्याचं (रुंदीचं) कापड शर्टासाठी 1.60 मीटरच्या तयार तुकड्यांत मिळतं. तुमची उंची, बाही आणि आटण्याचा हिशेब धरून 1.80 मीटर कापून घ्या. 36 इंच पन्हा असेल तर अडीच मीटर.

टेलर निवडताना त्याच्याकडे तयार टांगलेले दोन शर्ट बघा. कॉलरची दोन्ही टोकं सारख्या लांबीची आहेत का? रेघांच्या कापडात खिशाच्या रेघा छातीच्या रेघांशी जुळल्या आहेत का? काजांचे दोरे सुटलेले नाहीत ना? या तीन गोष्टी ठीक असतील तर माणूस काळजीने काम करतो. माप देताना रोजचे बूट, रोजची पँट घालून जा आणि पोट आत ओढू नका. दोन्ही बाह्यांचं माप घ्यायला लावा. सोबत तुमच्याकडचा असा शर्ट न्या ज्याचा खांदा सर्वांत बरा बसतो, आणि अंगाच्या मापाबरोबर त्या शर्टाचंही माप घ्यायला सांगा. तयार शर्टाची मापं तुमच्यासाठी मी अशी लिहीन: कॉलर 42 सेंटिमीटर, खांदा 17.75 इंच, छाती 45, पोट 42.5, बाही कफसकट 26, उंची 31. मनगटाचं माप तुम्ही पाठवलेलं नाही, ते तिथेच घ्या.

यापुढची गोष्ट टेलर स्वतःहून विचारत नाहीत, तुम्हीच सांगा. पोट थोडं पुढे असलेल्या माणसाच्या शर्टाचा पुढचा भाग पाठीपेक्षा रुंद बेतावा लागतो आणि पुढची उंची अर्धा इंच जास्त ठेवावी लागते, नाहीतर शर्ट पुढून वर उचलल्यासारखा दिसतो. बटणांमधलं अंतर साडेतीन इंचांपेक्षा जास्त नको, आणि एक बटण नेमकं पोटाच्या सर्वांत पुढच्या भागावर यायला हवं. फट पडते ती दोन बटणांच्या मध्ये, बटणावर कधीच पडत नाही. मुंढा वर ठेवायला सांगा. टेलर ‘काखेत लागेल’ म्हणेल. पहिले दोन दिवस जाणवतो, मग सवय होते, पण काखेत खरोखर घासत असेल तर तो मुंढा चुकला आहे.

टेलरशी बोलताना उपाय सांगण्यापेक्षा त्रास सांगा. ‘इथे एक इंच घ्या’ म्हटलंत तर तो एक इंच घेईल आणि बिघडलं तर तुमच्या शब्दाने बिघडलं. ‘बसल्यावर चौथं बटण ओढतं’, ‘हात पुढे केला की कफ वर जातो’ असं सांगितलंत तर कुठे काय बदलायचं ते तो ठरवेल, आणि त्याला ते तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

तुमच्यासारखीच, पण वेगळ्या अंगाची माणसं हे वाचत असतील. तालमीत किंवा जिममध्ये छाती कमावलेल्या, बारीक कमरेच्या माणसांनी छाती आणि गळ्यावर शर्ट घ्यावा आणि बाजूच्या शिवणी व पाठीतले टक्स दोन्ही करून घ्यावेत. दिवसभर लॅपटॉपवर वाकून ज्यांचे खांदे पुढे आले आहेत, किंवा वयाने पाठीला बाक आला आहे, त्यांची कॉलर मागून मानेपासून सुटते. त्यांना पाठ अर्धा ते पाऊण इंच लांब बेतलेला शिवलेला शर्टच हवा, रेडिमेडमध्ये हे जमत नाही. उंची कमी असलेल्यांनी बाही कफ उसवून कमी करावी, पण एक-सव्वा इंचापेक्षा जास्त नाही. त्याहून जास्त कापलं की बाहीची चीर आखूड होते आणि कफवरचं छोटं बटण विचित्र जागी येतं. अर्ध्या बाहीचे शर्ट घालणाऱ्यांनी बाही कोपराच्या दोन इंच वर संपेल आणि दंडाभोवती पंख्यासारखी उघडी राहणार नाही एवढं बघितलं तरी शर्टाचं रूप बदलतं.

मापं घेऊन शर्ट पाठवणाऱ्या ऑनलाइन सेवांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण उद्या कुणीतरी सुचवेलच. उंची-वजन टाकून जिथे मापं आपोआप काढली जातात तिथे तुमच्यासारख्याचा गळा हमखास चुकतो. चांगल्या बसणाऱ्या शर्टाची मापं भरायची सोय असेल आणि पहिला शर्ट चुकला तर पुन्हा शिवून देण्याचं लेखी आश्वासन असेल तरच पैसे भरा.

आता क्रम. या आठवड्यात 42 स्लिम तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे घालून, मोजून बघा. खांदा आणि बाही जमली तर एक घ्या, एकदा धुवा आणि मगच टक्ससाठी द्या. खांदा उतरतच राहिला किंवा बाही 25.5च्या पुढे मिळाली नाही तर टेलरकडे जा, पण एकच शर्ट टाका, साध्या, फिकट निळ्या, पाण्यातून काढलेल्या कापडाचा. तो निदान तीनदा धुऊन, ऑफिसमध्ये दिवसभर घालून बघा. काय खटकतं ते त्याच दिवशी कागदावर लिहा, कारण आठवड्याने आठवत नाही. तो शर्ट आणि तो कागद घेऊन टेलरकडे परत जा, मापं बदलून घ्या आणि मग पुढचे तीन-चार शर्ट एकदम टाका. शेवटी त्याच्या वहीतल्या तुमच्या मापांच्या पानाचा फोटो काढून ठेवा. टेलर गाव सोडतात, दुकानं बंद होतात, आणि ती मापं कुठल्याही चांगल्या शिंप्याला पुरतात.